दिवाणखान्यात काय पिकतं?

जागतिकीकरणावरचं जाडजूड पुस्तक मिटून आजोबांनी जाहीर केलं, "या घरात चहा एकट्या माणसानं करायचा, हे मागासलेपण आजपासून बंद!"

"मग काय, घोटाघोटाला एकेक माणूस?" आजीने आधण ठेवता ठेवता विचारलं.

पण आजोबा हाडाचे मास्तर. वाचलेलं नातवंडांना करून दाखवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. बघता बघता त्यांनी घराचं जग करून टाकलं. साखर नातीच्या खोलीत, दूध नातवाच्या, चहापत्ती आणि बिस्किटं आजीच्या स्वयंपाकघरात.

"प्रत्येकानं आपलं द्यायचं, दुसऱ्याचं घ्यायचं. असा चहा जमेपर्यंत मी थेंबही पिणार नाही!"

सकाळपासून त्यांच्या पोटात चहा गेला नव्हता.

माल निघाला आणि अडकला. मधल्या बोळातली फरशी नुकतीच पुसली होती. "वाळेपर्यंत कुणी पाय ठेवायचा नाही!" आजी कडाडली.

"सामुद्रधुनी बंद!" आजोबा खूश झाले. "पुस्तकात अगदी असंच आहे!"

फरशी वाळली, तर नातवाने दारात खुर्ची आडवी घातली. "दुधावर जकात. एक बिस्किट."

"मग साखरेवर दोन," नात म्हणाली.

"आधी दूध-साखर, मग बिस्किटं," आजीने बजावलं. या घासाघिशीत आधण आटलं आणि भांडं करपलं.

आजोबांचं डोकं ठणकू लागलं. पण माघार घेतील तर ते आजोबा कसले! "थांबा, मीही व्यापारात उतरतो."

"तुमच्या देशात काय पिकतं?" नातीने विचारलं.

आजोबांनी दिवाणखान्यावर नजर फिरवली. पंखा, खुर्ची, पुस्तक. "ज्ञान!"

"ते आम्हाला शाळेतून पोत्यांनी येतं."

"पण तुमच्याकडे एक माणूस आहे की," नातू म्हणाला. "रिकामा."

"तो मी घेते." आजीने करपलेलं भांडं पुढे केलं. "हे घासून द्या. बिस्किटं सोडते, वर अर्धा कप चहा."

आजोबांनी बाह्या सरसावल्या. घासून घासून हात दुखले, पण भांडं लख्ख झालं. बिस्किटं सुटली, जकात भरली, दूध-साखर आली आणि अर्धा कप चहा आजोबांच्या हाती पडला.

"जमलं!" पहिल्या घोटाबरोबर त्यांचा चेहरा उजळला. "पटलं ना, जगाचा गाडा कसा चालतो?"

"पटलं." नातीने चिखलाने भरलेले बूट त्यांच्यापुढे ठेवले. "हे पुसायचे किती घ्याल?"

"दोन बिस्किटं. एकही कमी नाही," आजोबा ताठ मानेने म्हणाले.

"एवढं देऊ नकोस गं!" आतून आजीचा आवाज आला. "माझं अख्खं भांडं अर्ध्या कपात घासून दिलंय त्यांनी."