जुनी कोठी, नवी हवा

माणसाला राहायला एक घर लागतं. प्रगती झाली की न राहायलाही एक लागतं. कळंबच्या महांतप्पा वकिलांची प्रगती महाराष्ट्र राज्य झालं त्या सुमारास झाली. महाबळेश्वरहून एकदा सर्दी घेऊन आल्यापासून (हवा मानवली नव्हती, पण आवडली होती) आपलंही एक सुट्टीचं घर असावं, असं त्यांच्या मनानं घेतलं. त्यांनी परंड्यात एका जुन्या जागीरदाराची कोठी घेतली. रुंद दगडी भिंती, वर मातीचं धाबं. भर वैशाखात आत पाऊल टाकलं की जीव गार व्हायचा.

ही कोठी जशीच्या तशी जपायची, असं ठरवून वकिलांनी गवंडी बोलावले.

जपण्याचं काम वर्षभर चाललं. धाब्यातून माती झरायची, म्हणून ते काढून पत्रे घातले. भिंतींनी अंधार पडतो, म्हणून भिंती फोडून खिडक्या केल्या. दगड जरा जास्तच दगडासारखे दिसत होते. त्यांना गिलावा केला आणि गिलाव्यावर रंगानं दगड काढून घेतले.

आता जुनी म्हणावी अशी एक बेगमबी उरली. जागीरदाराच्या पहारेकऱ्याची ही विधवा लग्न होऊन आल्यापासून दरवाजालगतच्या देवडीत चूल मांडून होती. देवडीत मोटार ठेवायची होती. "मनाला लावून घेऊ नका," असं सांगून वकिलांनी तिला गावात खोली बघायला लावली, आणि स्वतःही लावून घेतलं नाही.

उन्हाळ्यात सोलापूरचे पाहुणे आले. घाम पुसत सगळीकडे हिंडले आणि म्हणाले, "झकास! पण यात जुनं काय आहे?"

वकिलांचा चेहरा उतरला. त्याच दुपारी ते बेगमबीची खोली शोधत गेले. दार ढकललं, तर आत त्यांचीच बायको आणि लेकरं गाढ झोपलेली.

शांतम्मा दचकून उठली. "अवो, पत्र्याखाली लेकरं भाजायल्यात. हितं धाबं हाय."

वकिलांनी तिकडं लक्ष दिलं नाही. "बेगमबी, पाहुणे आले की देवडीत येऊन बसत जा. नुसतं बसायचं. मोटार बाहेर काढू."

बेगमबी पानाला चुना लावत होती. "बसते की, वकीलसाब. म्या ऱ्हात होते तवा कुनी बघाया आलं न्हाय."

वकिलांना क्षणभर कसंसंच झालं. खोलीत हवा गार होती, म्हणून ते लगेच निवलं.

तेव्हापासून व्यवस्था उत्तम लागली आहे. सुट्टीत वकिलांचं बिऱ्हाड बेगमबीच्या खोलीत असतं आणि बेगमबी देवडीत. शेकडा नव्वद पाहुण्यांना कोठीत तीच सर्वात आवडते (उरलेल्या दहांना ऊन लागलेलं असतं).

आपणही अवश्य या. तिची हकीकत ऐकून आपला जीव हळहळेल, सगळ्यांचाच हळहळतो. हळहळून झालं की पाहुणे हळूच चौकशी करतात, गावात अशी धाब्याची गार खोली विकाऊ आहे का? आपल्याला विचारायला संकोच वाटेल, म्हणून आधीच सांगून ठेवतो : आहेत. राहत्या माणसांना सांगितलं की रिकाम्या होतात.