खामखा नाव झालेला संघ

राज्य लीगच्या साखळीत आमच्या मुलींचा बास्केटबॉल संघ एकही सामना न हरता पहिला आला, त्या संध्याकाळी मैदानावर सगळे एकमेकांच्या गळ्यात पडत होते. कोणी पेढे आणले होते, कोणी ढोल. चहाच्या गाडीजवळ मात्र एक गृहस्थ बशीत चहा ओतून शांतपणे फुंकत उभे होते. मी त्यांचं मत विचारलं नव्हतं, तरी त्यांनी ते दिलं.

"खामखा नाव झालंय ह्या संघाचं."

हे लासूरकर तात्या. माझे शेजारी, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. आणि ज्या संघाबद्दल ते बोलत होते त्याची कर्णधार रेणुका ही त्यांची सख्खी मुलगी.

मी या संघाची मॅनेजर. कोच शिकवतात, मुली खेळतात, आणि उरलेलं सगळं मी बघते. बूट, ओळखपत्रं, केळी, गुडघ्याच्या पट्ट्या, कोणाला शेंगदाणे चालत नाहीत, कोणाची आई फोन उचलत नाही, हे सगळं माझ्या वहीत असतं. त्याच वहीत तात्यांच्या आक्षेपांना मी आधी एक पान दिलं. मग दोन. बाद फेरी सुरू होईपर्यंत त्यांच्यासाठी वेगळी वही घालावी लागली.

कारण तात्या नुसती नावं ठेवून थांबत नसत, ते पुरावे देत. रोज सराव सुरू व्हायच्या आधी ते येत, रिंगच्या खांबामागं एक प्लास्टिकचा क्रेट उलटा टाकून बसत. सदऱ्याच्या उजव्या खिशात चिंचोके. मुलींचा एक चेंडू हुकला की एक चिंचोका डाव्या खिशात. आत गेलेल्या चेंडूला चिंचोका नाही.

"तात्या, आत गेलेले पण मोजा की," मी एकदा म्हटलं.

"ते कशाला मोजायचे? ते पाटीवर दिसतेतच," ते म्हणाले. "ताई, तुमची सानिया फ्री थ्रो टाकताना श्वास कोंडून धरती. लिहून घ्या."

मी लिहून घेतलं. कोचना दाखवलं. ते आधी हसले, मग दुसऱ्या दिवशी सानियाकडे नीट बघितलं आणि तिला श्वास सोडून टाकायला सांगितलं. आठवड्यात सानियाचे फ्री थ्रो सुधारले. तात्यांच्या वहीतले असे पाच-सहा आक्षेप आम्ही गुपचूप वापरले. त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, खामखा सुधारली.

हे त्यांचं संघापुरतं असतं तर एक वेळ ठीक होतं. पण त्यांच्या बायकोची, कुसुमकाकूंची भरली वांगी आमच्या अख्ख्या गल्लीत प्रसिद्ध. तात्या चार वांगी खाऊन पाचव्याकडे हात नेत म्हणणार, "नाव झालंय, बाकी काय नाय." स्वतःच्या दारातल्या पेरूला फळं लगडली की येणाऱ्याजाणाऱ्याला सांगणार, "जंगली झाड हाय, किडकं निघतं." नातवाच्या बारशाला बायका पाळण्याभोवती जमून बाळ किती गोड, बाळ किती गोड करत होत्या, तेव्हा हे लांबून म्हणाले, "कान लई मोठे हायेत." रेणूची थोरली बहीण दोन दिवस बोलली नाही त्यांच्याशी.

आणि उलट बाजूही होती. आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांशी तात्यांचं कधीच पटलं नाही, पण त्यांचं भाषण झालं की पहिली टाळी यांची. "वा! काय विचार!" समोरचा संघ आला की त्यांच्या कोचला जाऊन सांगणार, "तुमच्यासारखा संघ मी तर बघितला नाय." शाळेतून निवृत्त झालेले क्रीडाशिक्षक काकडे सर गणपतीत गातात, ते तर ऐकवत नाही, पण तात्या मान डोलावून म्हणणार, "कमाल हाय, सर." माणूस असा उलटा का, याचा मी फार विचार केला नाही. उलट्या स्वभावाची माणसं असतात, एवढं म्हणून पुढच्या कामाला लागले.

बाद फेरी जवळ आली तशी चहाच्या गाडीवर दोन पक्ष पडले. गाडी रऊफभाईंची. संघ खरंच चांगला की खामखा नावाजलेला, यावर तिथं रोज वाद. खरं म्हणणाऱ्यांचे पुढारी हेच काकडे सर. दुसऱ्या बाजूला तात्या. आधी एकटेच होते, पण हळूहळू त्यांच्याकडेही माणसं जमली. फुलंब्रीच्या बसची वाट बघत थांबणारे प्रवासी चहा पिता पिता बाजू घेऊ लागले. त्यांतल्या कित्येकांनी आमचा एकही सामना पाहिला नव्हता. वाद घालायला त्यांचं काही अडत नव्हतं.

"दहापैकी दहा, तात्या!" काकडे सर बोटं नाचवत म्हणाले. "आता तरी कबूल करा."

"दहातले चार घरच्या मैदानावर. ती रिंग तर पोरींच्या ओळखीची हाय."

"बरं. उरलेले सहा?"

"त्यात दोनदा समोरची चांगली पोरगी आजारी व्हती."

"मग चार तरी जिंकल्या ना?"

"जिंकल्या ना. मी कुठं नाय म्हणतो? पण चार सामन्यांत कोणी पहिलं येतं का, सर? तुम्ही मास्तर माणूस, तुम्हीच सांगा."

रऊफभाईंनी दूध वर आलं म्हणून पातेलं उचललं आणि तसंच हातात धरून म्हणाले, "ओ तात्या, तुम्हारे हिसाब से तो चाँद भी खामखा मशहूर है."

"हायच," तात्या म्हणाले. "निम्मा महिना तर अर्धाच असतो."

सगळी गाडी हसली. मीही हसले. तेवढ्यात माझं लक्ष गेलं, गाडीच्या पलीकडे रेणू बूट काढत बसली होती. ती हसत नव्हती.

उपांत्य सामना आम्ही एका गुणानं जिंकला. शेवटची बास्केट रेणूची, वेळ संपता संपता. मैदान डोक्यावर घेतलं लोकांनी. तात्या क्रेट उचलून निघाले. जाता जाता काकडे सरांना म्हणाले, "एक गुण. वाऱ्यानं दिला."

अंतिम सामना क्रीडा संकुलाच्या बंद हॉलमध्ये होता. जागा कमी, म्हणून प्रत्येक मुलीच्या घरच्यांना दोनच पास. मी यादी करायला बसले. रेणूच्या नावापुढं आई आणि वडील असं स्वतःच लिहून टाकलं होतं, विचारायचं काय त्यात. रेणू शेंद्र्याच्या कंपनीतली शिफ्ट संपवून आली, यादी बघितली, माझ्या हातातलं पेन घेतलं आणि वडिलांच्या नावावर सरळ रेघ मारली.

"रेणू!"

"मावशी, त्यांना नका बोलवू. आईला द्या, आणि दुसरा पास माझ्या मैत्रिणीला."

"अगं, स्वभाव आहे त्यांचा. सगळ्यांनाच बोलतात."

"सगळ्यांना नाही बोलत. समोरच्या संघाच्या मुलींना म्हणाले, छान खेळता पोरींनो. मी ऐकलंय." तिनं पेनाला टोपण लावून ते परत दिलं. "मला बारा वर्षं झाली खेळायला. एकदाही नाही, मावशी. मला पेढे नकोत, हार नकोत. बरी खेळलीस, एवढंच. तेही त्यांना वाटत नसेल तर नसू दे, पण फायनलला मला खांबामागं त्यांचं तोंड बघायचं नाही."

यादीत खाडाखोड मला आवडत नाही. पण ही रेघ खोडायचा अधिकार मला नव्हता.

तात्यांना सांगायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. अशी कामं मी लांबवत नाही, त्याच संध्याकाळी गेले. तात्या ओट्यावर होते. मी बसले नाही, उभ्या उभ्याच सांगितलं की पास दोनच आहेत, आणि रेणूनं दुसरा मैत्रिणीला दिला आहे.

ते वाद घालतील म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. त्यांनी वाद घातलाच नाही.

"बरं केलं," ते म्हणाले. ओट्यावर पडलेलं पेरूचं पान उचलून बाजूला टाकलं. मग म्हणाले, "ताई, तिच्या उजव्या गुडघ्याची पट्टी सैल झालीय. नवी घ्या. आणि हॉलमधी फरशी गुळगुळीत असती, बुटाचे तळवे ओल्या फडक्यानं पुसून घ्यायला सांगा. मी सांगितलं म्हणू नका."

मी घरी येऊन दोन्ही गोष्टी लिहून ठेवल्या. पट्टी खरंच सैल होती.

अंतिम सामना दुपारी झाला. चार गुणांनी आम्ही हरलो. मुली वाईट खेळल्या नाहीत, समोरच्या मुली शेवटच्या पाच मिनिटांत जास्त चांगल्या खेळल्या, इतकंच. पण घरी जाणाऱ्या लोकांना इतकंच पुरत नाही. मी चेंडू पोत्यात भरून बाहेर आले तेव्हा फाटकाशी रऊफभाईंनी गाडी लावलेली होती आणि तिथं निकाल लागलेला होता. कालपर्यंत खरं म्हणणारे सगळे एका दुपारीत पलीकडे गेले होते.

गाडीजवळच्या बाकावर तात्या बसले होते. पास नव्हता, तरी आले होते. रऊफभाईंनी मला हळूच सांगितलं की पूर्ण सामनाभर हा माणूस हॉलच्या मागच्या भिंतीला, जाळीच्या झरोक्याखाली उभा होता. झरोका इतका उंच की आतलं काही दिसणं शक्य नाही.

काकडे सर त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि मोठ्या मनानं म्हणाले, "तात्या, हरलो आम्ही. तुमचंच खरं निघालं. संघ खामखाच नावाजलेला."

तात्या उठले. त्यांना इतकं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"कोण म्हणतं?"

"अहो, तुम्हीच..."

"सर, तुमचे डोळे हायेत का खिसे? असा संघ ह्या शहरात मी तर बघितला नाय! त्या सानियाला चौथा फाउल लागलेला, माईकवर सांगितलं, पाचव्याला बाहेर जावं लागतं, तरी बोर्डखालून हटली का ती? उडी मारून खाली आली की तिचे दोन्ही बूट एकदम आपटतेत, धप्पकन. मी बाहेरून मोजत व्हतो. शेवटपर्यंत आवाज कमी नाय झाला. दमलेली पोरगी अशी उडती का?"

"तात्या, पण चांद..." रऊफभाई म्हणाले.

"चांदाचं राहू द्या! आणि आमची रेणू. तिसऱ्या क्वार्टरला. चेंडू तिनं उजव्या हातानं आणला, मधीच डाव्या हातावर घेतला. डाव्या हाताचा तिचा टप्पा जरा घाईचा पडतो, आमच्या गच्चीवर बारा वर्षं ऐकतोय मी. तीन टप्पे ऐकले, मग एकदम गप्प. लोक पण गप्प. म्हणजे पास गेला. न बघता दिला असणार तिनं, बघून दिला असता तर समोरची पोरगी आडवी आली असती. मग नुसती जाळी वाजली, रिंग नाय वाजली. असा पास देणारं पोरगं दाखवा मला, सर. पोरगं म्हणतो मी, पोरगी राहू द्या."

मीच विचारलं. "तात्या, मग इतके दिवस हे का नाही बोललात?"

ते माझ्याकडे असे बघू लागले, जणू एवढी शहाणी बाई आणि हे कसं कळत नाही.

"ताई, जिंकणाऱ्या लेकराची तारीफ करतेत का कुठं? दृष्ट लागती. आणि परक्याची नाय लागत तेवढी घरच्याची लागती. बाकीचे सगळे वाहवा करतच व्हते, कोणीतरी नावं ठेवायला नको?" आवाज खाली आला. "माझा धाकटा भाऊ असाच खेळायचा. मी भर मैदानात ओरडलो व्हतो, आमच्या पक्यासारखा कोणी नाय म्हणून. त्याच सामन्यात गुडघा गेला त्याचा. आता लासूर स्टेशनला दुकानात बसतो, लंगडत. कधी मला बोलला नाय. पण मला तर माहीत हाय ना."

"आणि आज?" काकडे सर हळूच म्हणाले.

"आज हरल्या. हरलेल्याला कोणाची दृष्ट लागत नाय. आज मी लागंल तेवढं बोलणार."

मी असल्या गोष्टी मानत नाही. पण मला वांगी आठवली, पेरू आठवला, नातवाचे कान आठवले, आणि अध्यक्षांच्या भाषणाला पडलेली ती पहिली टाळी. मग मागं वळून बघितलं.

रेणू फाटकात उभी होती. केस ओले, खांद्यावर पिशवी, डोळे सुजलेले. केव्हापासून उभी होती माहीत नाही, पण लासूरच्या काकाचं ऐकण्याइतका वेळ नक्की असावी. तात्यांनाही ती तेव्हाच दिसली. तोंडातलं वाक्य त्यांनी तसंच अर्धं सोडलं आणि घाईघाईनं खाली बघून चपलेत पाय सरकवायला लागले. दोन्ही पाय आधीच चपलेत होते.

मला हॉलची किल्ली परत करायची होती, तीन मुलींना रिक्षात बसवायचं होतं, पोत्यात एक चेंडू कमी होता. मी जागची हलले नाही.

रेणू आली. बाकावर वडिलांशेजारी बसली, पिशवी दोन पायांच्या मध्ये ठेवली. रऊफभाईंनी न सांगता एक चहा पुढं केला, तो तिनं दोन्ही हातांत धरला.

"तात्या," ती म्हणाली, "मी शेवटचंच ऐकलं. पहिल्या शिट्टीपासून सांगा."