न लावलेल्या वेलाची नुकसानभरपाई

"लावायचं की नाही, तेवढं सांगा," बायको म्हणाली. तिच्या मांडीवर कुणाचा तरी निळा कोट होता, तोंडात टाचण्या होत्या आणि मशीनशेजारच्या बशीत मूठभर चपट्या, तपकिरी बिया होत्या. "बी जुनं झालं की उगवत नाही म्हणे."

"सांगतो की," पंचनामेकाका म्हणाले. "पण आधी नीट बघायला नको?"

काकांचं खरं आडनाव वेगळं होतं, पण ते आता फक्त दारावरच्या पाटीलाच आठवत असे. विमा कंपनीत उभी हयात त्यांनी नुकसानीचे दावे तपासले होते. जळालेली गोदामं, पडलेल्या भिंती, उलटलेले ट्रक. या नोकरीमुळे त्यांना जगातली प्रत्येक गोष्ट आधी मोडलेल्या अवस्थेत दिसायची. बायकोने एकदा झोपाळा मागितला, तर त्यांना तुटलेली कडी दिसली. कुत्र्याचं पिल्लू मागितलं, तर चावलेला शेजारी दिसला. 'नाही' असं ते कधीही म्हणत नसत, एवढं मात्र मान्य केलं पाहिजे. ते फक्त तपासत, आणि तपासणी चालू असताना समोरच्याची हौस आपोआप विरून जात असे.

या बियांची गोष्ट मात्र वेगळी होती. बायको घरीच कपडे दुरुस्तीचं काम करायची. तिच्याकडे कोटाचं अस्तर बदलायला आलेल्या एका जहाजावरच्या आचाऱ्याने तिला एक फळ दिलं होतं. हातभर लांब, गडद लाल, वरून गुळगुळीत. सिकाना म्हणतात याला, तो म्हणाला. समुद्रापलीकडच्या उष्ण मुलखातला वेल आहे, एकदा लावला की वर्षानुवर्षं येतो, आणि तिकडच्या बायका हे फळ कपड्यांत ठेवतात. बायकोने ते कपड्यांच्या कपाटात ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून घरभर पिकलेल्या खरबुजासारखा आणि थोडा फुलासारखा वास सुटला. गिऱ्हाइकं बाह्या हुंगत घरी जाऊ लागली. फळ मऊ पडल्यावर तिने ते चिरलं, बिया धुऊन वाळवल्या आणि मागच्या अंगणातली भिंतीकडेची जागा मनात नक्की करून टाकली.

काका कामाला लागले. रोपवाटिकेतल्या माणसाने हे नाव जन्मात ऐकलं नव्हतं. "पण तुम्ही लावा ना," तो म्हणाला, "आणि काय होतंय ते मला सांगा." शेती कार्यालयातल्या अधिकाऱ्याने बी भिंगाखाली धरून बराच वेळ पाहिलं आणि तोही तेच म्हणाला. सगळ्यांना उत्सुकता होती, फक्त आधी दुसऱ्या कुणी तरी लावायला हवं होतं. काकांनी वाचनालयातलं जाडजूड पुस्तक काढून वाचलं, तेव्हा तर त्यांना घामच फुटला. वेल तीन मजले चढतो. पान दोन पंजे पसरले तरी झाकलं जात नाही एवढं. आणि फळ चार किलोपर्यंत जातं.

"चार किलो," ते जेवताना म्हणाले. "वरून. डोक्यात."

"फळ आहे ते. तोफगोळा नाही," बायको म्हणाली.

"भिंतीवरची आपली तार तेवढं वजन पेलते का, ते बघितल्याशिवाय कसं ठरवायचं?"

आणि मग त्यांना ती कल्पना सुचली. वेल लावण्याआधी वेलाची तालीम घ्यायची. हिरवा दोर आणला. बायकोकडच्या हिरव्या अस्तराच्या तुकड्यांची पानं कापून घेतली, कारण सावली किती पडेल तेही पाहायला हवं होतं. फळांसाठी तिच्याकडे लोकांच्या पँटींचे आखूड करताना कापलेले पाय पडून होते. त्यांत वाळू भरली, काट्यावर वजन केलं आणि दोन्ही तोंडं शिवून घेतली. हे सगळं शिवलं बायकोनेच. एकेक टाका नीट घालत.

भिंतीवरच्या तारेवरून दोर निघाला. काका रोज सकाळी चहा पिऊन तो थोडा 'वाढवत'. शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाई कुंपणावरून डोकावल्या.

"हे काय चाललंय?"

"वेल आहे. म्हणजे, अजून नाही."

बाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "माझ्या बाजूला येईल का?"

"पुस्तकाप्रमाणे यायला हवा."

"मग आणा की. प्रयोग अर्धवट करू नये."

दोर बाईंच्या अंगणात गेला, तिथून वर, बाईंच्या माडीवर दवाखाना असलेल्या दंतवैद्याच्या गॅलरीत चढला. बाईंनी कापडी पानांखाली खुर्ची टाकली आणि तिथेच पेपर वाचायला सुरुवात केली. दंतवैद्याने रोग्यांची खुर्ची खिडकीकडे फिरवली. तोंड उघडं ठेवून रोगी त्या चौकडीच्या आणि पट्ट्यापट्ट्यांच्या फळांकडे बघत राहत आणि दात कधी निघाला ते त्यांना कळतही नसे. येणारेजाणारे थांबत, विचारत, पान चिमटीत धरून बघत. फळं लागल्यावर कुणाला किती, यावरून बाई आणि दंतवैद्य यांचं दोनदा वाजलंही. काका खूश होते. बायको खिडकीतून पाहत होती आणि बशीतल्या बिया अधूनमधून बोटाने हलवत होती.

मग एका दुपारी वारा सुटला आणि राखाडी चौकडीचं एक फळ तुटून दंतवैद्याच्या स्कूटरवर पडलं. दिव्याच्या ठिकऱ्या झाल्या. काका मोजपट्टी घेऊन धावले. जवळजवळ आनंदातच.

"बघितलंस?" ते बायकोला म्हणाले. "हे व्हायचंच होतं. धोका मोठा आहे. लावण्यात अर्थ नाही."

"बरं," ती म्हणाली आणि मशीनचं पायडल मारू लागली.

दुसऱ्या दिवशी ती कापड आणायला बाहेर गेली असताना काकांनी सगळा वेल उतरवला आणि गुंडाळून माळ्यावर टाकला. चहा ठेवतात न ठेवतात तोच दार वाजलं. बाई आणि दंतवैद्य, दोघंही.

"मला नुकसानभरपाई पाहिजे," बाई म्हणाल्या.

"कशाची?"

"सावलीची. काल होती, आज नाही. माझ्या डोक्यावर ऊन आलंय."

"आणि माझे दोन रोगी उठून गेले," दंतवैद्य म्हणाला. "एक तर सुई टोचलेली असताना."

"अहो, तो वेल नव्हता," काका म्हणाले. "आणि तुमचा दिवा फुटला त्याचं काय?"

"दिव्याचं कोण बोलतंय, काका? वेलाचं बोला."

काकांनी सवयीने पेन्सिल कानामागून काढली. दावा म्हटला की त्यांना राहवत नसे. त्यांनी बाईंच्या अंगणात खुर्चीवर बसून पाहिलं. खरंच ऊन लागत होतं. वर जाऊन रोग्याच्या खुर्चीत आडवं होऊन पाहिलं. समोर नुसती भिंत होती, आणि ती पाहताना त्यांना उगाचच भीती वाटली. वस्तू होती, ती वापरात होती आणि ती काढून नेली गेली. तिन्ही गोष्टी सिद्ध झाल्या. इतक्या वर्षांत असा स्वच्छ दावा त्यांच्याकडे आला नव्हता, आणि काढून नेणारा माणूस कोण हेही शोधायचं उरलं नव्हतं.

ते घरी आले तेव्हा बायको परत आली होती. रिकामी तार तिने पाहिली होती. पिशवीतलं कापड काढून घड्या घालत होती.

"एकेकाचं नुकसान लिहून घेतोय," काका खुर्ची ओढत म्हणाले. "तुझं काय गेलं?"

"माझं काही नाही."

"असं कसं? तू शिवलंस सगळं. तुझंही काहीतरी असणारच."

"नाही हो. मला सवय आहे."

ती हे रागाने म्हणाली असती तर काकांनी वाद घातला असता. ती घडी घालता घालता म्हणाली, आणि काकांची पेन्सिल हवेतच राहिली. झोपाळा आठवला, पिल्लू आठवलं. जळालेल्या गोदामांसमोर ते कधी गडबडले नव्हते, पण इथे काय लिहायचं ते त्यांना सुचेना. त्यांना फार वाईट वाटलं. एवढी वर्षं ते नुकसान बाहेर शोधत फिरत होते.

त्यांनी बशी उचलली आणि अंगणात गेले. बायको दारापर्यंत मागे आली. काकांनी खुरप्याने भिंतीकडेची माती मोकळी केली, तिला विचारून विचारून बिया टोचल्या, वर माती ओढली, तांब्याने पाणी घातलं. मग उकिडवेच बसून राहिले. नजर हळूहळू भिंतीवर गेली.

"भिंत जुनी आहे," ते शेवटी म्हणाले. "वजनाने पडली बिडली तर?"

"पडली तर बघायला तुम्ही आहातच," ती म्हणाली. "पण आधी पडू दे."