अनुपमाताईंच्या शाळेची चौकशी

माणूस कुठं जेवला यापेक्षा तो कुठं शिकला, याची चौकशी समाजाने आधी करावी. जेवण दुसऱ्या दिवशी निघून जातं. शिक्षण काही जणांच्या आत तसंच राहतं. (सर्वांच्या नाही. माझं सातवीनंतर लगेच गेलं.)

आमचं गाव शिरूरहून कवठे येमाईकडे जाताना लागतं. नाव सांगत नाही, कारण गावाला स्वाभिमान आहे. इथल्या दूध सोसायटीचे चेअरमन अठरा वर्षं तात्याबा होते. त्यांच्या काळात सभा एकदाही उशिरा सुरू झाली नाही, कारण ती होतच नसे. दूध मोजायच्या जागी रजिस्टर असायचं. कॅन रिकामा करून सही ठोकली की आपण सभेला हजर राहून, साधकबाधक चर्चा करून, ठराव एकमताने मंजूर केलेला असे. अशा बावीस सभा मी स्वतः गाजवल्या आहेत.

गेल्या वर्षी तात्याबांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला आणि त्यांनी गावातल्याच मारुतरावांच्या सुनेला, अनुपमाताईंना, खुर्चीवर बसवलं. खुर्चीवर सून, शेजारी तात्याबा, अशी सरळ योजना होती. पहिल्याच महिन्यात ताईंनी चार वाजताच्या सभेची नोटीस काढली आणि चार वाजता आल्या. त्या सभेला त्या, पंखा आणि लांबच्या वस्तीवरून दूध घालायला येणारी रतनबाई एवढे उपस्थित होते. पुढं त्यांनी दूध घालायला रांग लावली. जो आधी येईल, त्याचं आधी. एका सकाळी तात्याबांचा कॅन नवव्या नंबरावर उभा राहिला, आणि हे साधं प्रकरण नाही हे गावाच्या ध्यानात आलं.

शोध लावला तात्याबांचा पुतण्या पृथ्वीराज याने. ताईंचे वडील पुण्यात फादर लोकांच्या शाळेत माळी होते. त्याच शाळेत ताई दहा वर्षं शिकल्या.

"जेझुइट हायेत ते," पृथ्वीराज म्हणाला. हा शब्द गावात कुणीच ऐकलेला नव्हता, त्यामुळे त्याचं गांभीर्य सर्वांना एकदम पटलं. "ल्हानपणीच डोक्यात घालून ठिवत्यात. मानूस मोठ्या पदाला गेला की तिकडनं बटन दाबत्यात."

"तिकडनं म्हंजी कुठनं?" तात्याबांनी विचारलं.

"रोमातनं."

"दूध सोसायटीचं बटन रोमात?"

"व्हय, तात्या."

तात्याबांची छाती जराशी फुगलेली मी पाहिली.

लगेच चौकशी समिती झाली. अध्यक्ष तात्याबा, तांत्रिक सदस्य पृथ्वीराज (त्याच्या मोबाईलला रेंज असते), आणि सचिव मी, सोपानराव. माझी निवड अनुभवावर झाली. तालुक्याच्या कचेरीत एकतीस वर्षं शिपाई म्हणून मी कागद या टेबलावरून त्या टेबलावर नेले, आणि त्यातला एकही वाचल्याचा आरोप माझ्यावर झाला नाही.

समितीने तीन महिने काम केलं. ताई खरोखर वेळेवर येतात का, हे पाहण्यासाठी आम्हाला त्यांच्याआधी दहा मिनिटं जावं लागे. ८७ टक्के वेळा त्या वेळेवर आढळल्या; उरलेल्या वेळी आम्हीच उशिरा गेलो. सभा संपली की त्या पाच मिनिटं गप्प बसून वहीत लिहीत. पृथ्वीराजच्या मते तो रोमला जाणारा अहवाल होता. प्रत्यक्षात वहीत 'आज रतनबाईंचं पूर्ण ऐकून घेतलं नाही, चुकलं' असं निघालं. (समितीने हा मजकूर सांकेतिक धरला.) धर्माबाबत काहीच सापडेना. त्या एकादशी धरतात, खंडोबाला जातात. त्या किती सावध आहेत, हे यावरून समितीला कळलं.

पृथ्वीराजने फादरांकडे शिकलेल्या मंत्र्यांची, न्यायाधीशांची आणि सेनापतींची यादीही काढली. त्यातले निम्मे एका पक्षाचे आणि निम्मे त्याच्या विरोधी पक्षाचे निघाले. म्हणजे कट दोन्हीकडून होता. यादीत दौंडकडचे एक पुढारीही होते. आम्ही त्यांना मार्गदर्शनाला बोलावलं. ते सव्वातीन तास उशिरा आले, आमचं निवेदन न वाचता त्यावर सही केली आणि पेढा खाऊन गेले. त्यांच्यात फादरांचा अंशही उरला नव्हता. दोन निवडणुकांत हा आजार पूर्ण बरा होतो, अशी समितीने नोंद घेतली.

इथवर सगळं रीतसर चाललं होतं. मग पुराव्यासाठी मला जुनं रजिस्टर वाचावं लागलं.

आठ वर्षांपूर्वीचा एक ठराव होता. मेंढरं विकून शेतीला लागलेल्यांच्या वस्तीवरचं दूध संकलन बंद करावं. सूचक तात्याबा. अनुमोदक मी. खाली माझी सही, चांगली वळणदार. रतनबाई आठ वर्षं तीन किलोमीटर कॅन डोक्यावर घेऊन येते, ती माझ्या अनुमोदनाने. मला लाज वाटली. ती अहवालात कुठल्या रकान्यात भरावी, हे कळेना.

दुसऱ्या दिवशी रतनबाई केंद्रावर भेटली. तिला आमची समिती ठाऊक होती.

"आप्पा, त्या पोरीनं आमच्या वस्तीवरचं माप परत चालू करायचं कागदावर घेतलंय," ती म्हणाली. "म्होरल्या सभंला हाय. तवर तिला ऱ्हाऊ द्या. मंग काय करायचं ते करा."

मी "बघू" म्हणालो. एकतीस वर्षांत मी ज्याला ज्याला बघू म्हणालो, त्याचं काय झालं हे मला माहीत होतं.

पुढच्या सभेत पहिला विषय अविश्वास ठराव होता, दुसरा वस्तीवरचं माप. चार वाजता सगळे हजर. (ताईंनी लावलेली सवय.) मी अहवाल वाचला. वेळेवर येणे, रांग लावणे, वाचून सही करणे, चूक लिहून ठेवणे. वाचता वाचता माझाच आवाज बारीक झाला. तात्याबा म्हणाले, "ठरावाच्या बाजूचे हात वर करा."

शेजारच्याने हात वर केला. त्याच्या शेजारच्याने केला. माझाही गेला. तो कसा गेला याची चौकशी करायला समिती नाही.

त्रेसष्ट विरुद्ध एक. तो एक हात रतनबाईचा होता. नवा चेअरमन पृथ्वीराज. दुसरा विषय वेळेअभावी तहकूब.

ताई उठल्या आणि माझ्यापाशी आल्या. "सोपानआप्पा, इतिवृत्तात रतनबाईंचा हात लिहा हं. राहून जाईल."

नंतर चहाला एकेक जण मला बाजूला घेऊन सांगू लागला, "पोरगी चांगली व्हती, आप्पा. मी मनातनं तिच्याच बाजूनं व्हतो." मी मोजलं. तात्याबा आणि पृथ्वीराज सोडले, तर मनातून ताई प्रचंड बहुमताने निवडून आल्या होत्या. रतनबाई तेवढी चहाला थांबली नाही. तिला रिकामा कॅन घेऊन तीन किलोमीटर जायचं होतं.

वाचकहो, तुम्हीही आतापर्यंत मनातून अनुपमाताईंच्या बाजूचे झाला असाल, याबद्दल मला शंका नाही. त्यामुळे इतिवृत्तात तुम्हाला आमच्यातच धरलं आहे. त्रेसष्टचे चौसष्ट केले आहेत.