गियरवाला विसू

आमच्या नागावात नवा माणूस दिसला की लोक विचारतात, "कुणाकडचे?" विसू घरत विचारतो, "गियरवाला की बिनगियरचा?"

माणसाकडे गाडी असो वा नसो, प्रश्न हाच. विसूच्या मते परमेश्वराने सृष्टी निर्माण केली ती दोनच प्रकारांत. पाटा गियरवाला, मिक्सर बिनगियरचा. हापूस गियरवाला, कारण "त्याला अढीत घालायचा, रोज वास घ्यायचा, वेळेवर उठवायचा." केळं बिनगियरचं. "आपोआप पिकतं, आपोआप कुजतं. त्यात तुझं कर्तृत्व काय?" देवसुद्धा यातून सुटले नाहीत. मारुती गियरवाला. विष्णू मात्र शेषावर पडल्यापडल्या जग चालवतो, म्हणजे ऑटोमॅटिकच. मुलगी मीनल हिला पुण्याचं स्थळ आलं, तेव्हा पोहे खाणाऱ्या त्या गरीब मुलाला नखशिखांत न्याहाळून विसू माझ्या कानात म्हणाला, "नान्या, बिनगियरचा दिसतोय. सपाटीला बरा आहे, चढाला बघू."

माझी स्कूटर बिनगियरची. त्यामुळे वीस वर्षांत हा शेजारी एकदाही माझ्या मागे बसलेला नाही. पावसात चालत अलिबागला जाईन म्हणतो, आणि जातो.

मी खोटं कधी लिहीत नाही. वाडीवाला माणूस मी. खऱ्याला फार तर थोडं खत घालतो. तेव्हा विसूच्या जीपबद्दल सांगतो ते विश्वास ठेवून ऐका. ही जीप नागावात सुरू झाली की रेवदंड्याचे पाहुणे चहाचं आधण ठेवायचे. गाडी पोचेपर्यंत चहा उकळून तयार. एकदा दिघीच्या जेटीवर ओहोटीला बोट इतकी खाली गेली की चढायची फळी जवळजवळ उभी राहिली. पुढे एका मुंबईकराची ऑटोमॅटिक मोटार कण्हत उभी. विसूने जीप बाजूने काढली, पहिला गियर टाकला आणि अशी बोटीत घुसवली, की बोटीचं पलीकडचं टोक वर उचललं गेलं आणि तिथे बसलेल्या लोकांना जंजिऱ्याची आतली बाजू दिसली. तेही तिकीट न काढता.

तर असा हा विसू तीनेक वर्षांपूर्वी पडला. अधिकृत माहितीनुसार माडावरून. प्रत्यक्षात ट्यूबलाइट बदलताना स्टुलावरून. डावा खांदा जो धरला तो धरलाच. आता डावा हात पोटापर्यंत येतो, पण जरा बाजूला नेला की विसूच्या तोंडून अशी आरोळी निघते की गोठ्यातली म्हैस ओ देते. गियरचा दांडा नेमका तिथेच असतो, जिथे तो हात पोचत नाही. मीनल पुण्याहून आली आणि जीप विकून गेली. विसू त्या दिवशी जेवला नाही, असं तो सांगतो. मला कुंपणातून दिसलं त्याप्रमाणे दोन पापलेटं खाल्ली, पण चव लागली नसावी.

त्यानंतर त्याची गाडीशी गाठ पडायची ती फक्त शेजारच्या बंगल्यात. तिथले शेठ मुंबईचे. वर्षातून चार वेळा यायचे, पण मोटारी दोन ठेवलेल्या. दोन्ही खेळण्यासारख्या, बुटक्या, दोनच माणसं मावतील अशा, वरचं छप्पर दुमडणाऱ्या. लाल होती ती गियरवाली, पिवळी ऑटोमॅटिक. समुद्राच्या खाऱ्या हवेने लोखंड खाऊ नये म्हणून विसू त्यांना पुसायचा, ताडपत्री घालायचा, दर रविवारी जागच्या जागी इंजिन चालू करायचा. तेसुद्धा लालला "उठा बाईसाहेब" म्हणून, आणि पिवळीला "हं, तूही" म्हणून.

यंदा शेठनी बंगला विकला आणि परदेशी मुलाकडे जायचं ठरवलं. जाताना विसूला बोलावून म्हणाले, "विसूभाय, इतके वर्ष माझ्या पोरींना सांभाळलं. दोनमधून एक तुमची. मन लागेल ती घ्या. दुसरी रविवारी ट्रकमधी चढवा."

झालं! गावाला रविवारपर्यंतचं काम मिळालं.

एरवी यात विचारण्यासारखं काय होतं? विसू मेला तरी लालच घेणार. पण लालचा गियर टाकणार कोण? पिवळी घेतली तर गडी उद्यापासून पुन्हा रस्त्यावर. लाल घेतली तर ती अंगणात उभी राहणार, आणि हा तिच्याकडे बघत सुपारी सोलणार. मासेवाली जानकी टोपली उतरवता उतरवता म्हणाली, "काका, पिवली घ्या न! तुमचा हात ह्यो असा. गियर काय मी टाकू, बोंबील सोरून?"

मीनलने फोनवर तोंड दाखवून निकालच दिला. "बाबा, पिवळी. नाहीतर काहीच नाही. मी येऊन चावी घेऊन जाईन. आई, सांग ना त्यांना!"

शालूवहिनी फोनकडे बघून गोड हसल्या. "हो ना गं, इकडेही फार उकडतंय."

शालूवहिनींना अलीकडे ऐकू येत नाही. मीनलने कानाचं यंत्र आणून दिलंय, पण ते दमट हवेने बिघडेल म्हणून वहिनी ते तांदळाच्या डब्यात ठेवतात. तांदळाला हल्ली उत्तम ऐकू येतं. पूर्वी या नवराबायकोची भांडणं ऐकून मला माझ्या ओटीवर बसल्याबसल्या कळायचं, की आज आमटीत मीठ जास्त झालंय की विसूच्या डोक्यात. आता त्यांच्या घरातून फक्त टीव्ही ऐकू येतो. तो मात्र थळच्या कोळ्यांनासुद्धा ऐकू येतो.

रविवार उजाडला. बंगल्याच्या फाटकाबाहेर ट्रक येऊन थांबला. विसू तयार होऊन आला. अंगात इस्त्रीचा सदरा, आणि खाली विसूच्या घरच्या होमस्टेमध्ये कुणी पर्यटक विसरून गेलेली, नारळाची झाडं छापलेली बर्मुडा. "दोन्ही चालवून बघतो," म्हणाला. "उगाच पिवळीला वाटायला नको, की विचारलंच नाही."

पहिली फेरी पिवळीतून, शेजारी मी. बंगल्यापासून सुरूच्या बनापर्यंतचा रस्ता तसा निर्मनुष्य. विसूने छप्पर उघडलं, गाडी चालू केली आणि ती लोण्यातून सुरी जावी तशी निघाली. मी म्हणालो, "वा!" विसूचा चेहरा तेराव्याच्या जेवणाला बसल्यासारखा. पुढे वळण आलं. वळणावर चाळीस वर्षं क्लच दाबलेला विसूचा डावा पाय सवयीने उठला, क्लच शोधायला गेला, क्लच नव्हता, ब्रेक होता. त्याने तो जीव खाऊन दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. मी थांबलो नाही. पट्टा नसता तर हा लेख तुम्हाला मांडव्याहून पोस्टाने आला असता.

"बघितलंस?" विसू समाधानाने म्हणाला. "विश्वासघातकी आहे."

दुसऱ्या फेरीला मी वहिनींना पुढे केलं. पाय आवरून चालव, असा दमही विसूला दिला आणि माझ्या स्कूटरवरून बाजूबाजूने निघालो. या वेळी काहीही झालं नाही. खरंच काही झालं नाही. गाडी झुळझुळ गेली, झुळझुळ आली. वहिनी मांडीवर पिशवी घेऊन डावीकडचे माड बघत होत्या. विसू समोरचा रस्ता बघत होता. एक-दोनदा वहिनींचा उजवा हात पिशवीवरून उठून मधल्या दांड्याकडे गेला आणि पदर सारखा करून परत आला. ट्रकवाल्याने टाळ्या वाजवल्या. जानकी ओरडली, "लय भारी, काका! दोघा नवरानवरी दिसताव!"

विसू उतरला आणि सरळ लालकडे गेला.

"नान्या, बस. गियर तू टाक. मी सांगेन तसा."

आता आयुष्यात मी गियर टाकलेला नाही हे विसूला ठाऊक होतं. पण मित्र म्हटल्यावर बसलो. "पहिला!" विसू गरजला. दांडा सापडला तिकडे ढकलला, गाडी निघाली. "दुसरा!" मी दांडा खेचला. तो कुठे गेला ते त्याचं त्याला माहीत. गाडीने क्षयरोग्यासारखी ढास काढली आणि मेली. पुन्हा सुरू केली. "अरे दुसरा म्हणजे खाली!" खाली म्हणजे किती खाली आणि कुणीकडे, हे मी विचारेपर्यंत गाडी बंद पडून चालू होऊन मागे निघाली. विसू "पुढे, पुढे!" ओरडतोय, मी "मग मागे का चाललीय?" ओरडतोय, आणि आम्ही दोघं सन्मानाने नारळ सोलून टाकलेल्या सोडणांच्या ढिगात जाऊन बसलो. माझ्या डोक्यावर एक सोडण किरीटासारखं विराजमान झालं.

ट्रकवाला हसून हसून बोनेटवर आडवा पडला. "काका, लाल चढवू ना ट्रकमध्ये?"

विसू स्टिअरिंगवर हात ठेवून गप्प बसला होता. बडबड्या माणूस गप्प झाला की त्याचं वय दिसायला लागतं. मी हळूच म्हणालो, "सोड ना विसू. पिवळीत काय वाईट आहे?"

तेवढ्यात माझ्या बाजूचं दार उघडलं. शालूवहिनी. पिशवी त्यांनी जानकीच्या हातात दिलेली आणि पदर खोचलेला. "भावजी, उतरा. तुम्ही गाडी फोडाल."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. विसूची ती जीप म्हातारी झाल्यावर तिचा तिसरा गियर टिकेनासा झाला. टाकला की खड्ड्यासरशी सुटायचा. दुरुस्ती करण्याऐवजी विसूने त्यावर वहिनी बसवल्या. नारळ बाजारात न्यायचे असोत, लग्नाला जायचं असो, वहिनी शेजारी बसून तो दांडा दोन्ही हातांनी धरून ठेवायच्या. पुढे पुढे विसूला हात हलवायचा कंटाळा आला की गियरही त्याच टाकायच्या. नऊवारी नेसून, नथ घालून त्यांनी ती जीप तळा गावच्या घाटवळणांतून तिसऱ्यात दाबून नेलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे.

विसू ओरडला, "अगं, पण तुला ऐकू कुठे येतंय? मी सांगणार कसं?"

वहिनींना तेही ऐकू आलं नाही. त्या बसल्या, पट्टा लावला आणि विसूच्या बर्मुडातून बाहेर आलेल्या डाव्या गुडघ्याकडे बघू लागल्या.

विसूने क्लच दाबला. गुडघा खाली गेला, त्यासरशी वहिनींचा हात पुढे गेला. पहिला. गाडी सोडणांतून बाहेर आली. गुडघा पुन्हा हलला, दुसरा. मी स्कूटरला टाच मारायला गेलो, तिला टाच लागत नाही हे आठवलं, आणि मूठ पिळून त्यांच्या मागे सुटलो. सुरूच्या बनाशी पोचेपर्यंत तिसरा पडला होता. एक शब्द नाही, एक खरखर नाही. गुडघा आणि हात, गुडघा आणि हात. भजनात टाळ आणि मृदंग चालावेत तसं.

परतीच्या वळणावर मात्र मला आवाज ऐकू आला, आणि मी स्कूटरवरून पडायचा राहिलो.

"अहो, अर्धा क्लच का धरून ठेवलाय? जळेल ना!"

"तू आधी टाक नीट!"

"काय?"

"काही नाही!"

"मग दाबा नीट! पाय आहे की पडवळ?"

दोघं भांडत होते! कुंपणापलीकडून कित्येक दिवसांत न आलेलं, खणखणीत, अस्सल भांडण. लाल गाडी फाटकातून आत आली ती दोघांचे हातवारे घेऊनच. जानकी पिशवी छातीशी धरून नाचत होती. "काकी, मना पन शिकवा!"

ट्रकवाल्याने विचारलं, "काका, मग कुठली चढवू?"

"पिवळी," विसू म्हणाला.

मी त्याला बाजूला घेतलं. "वेड्या, मीनल चावी काढून नेईल. आज जमलं, रोज जमेल का? पिवळीत दोघं आरामात फिराल."

विसू सदऱ्याच्या टोकाने लालच्या आरशावरची धूळ पुसत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "आराम आहेच रे पिवळीत. ती तिकडे बघणार, मी इकडे बघणार. अलिबाग येणार, उतरणार." मग म्हणाला, "घरात तेच चाललंय, नान्या."

मी डोक्यात अडकलेल्या सोडणाच्या शिरा उपटत राहिलो.

गाडीतून हाक आली, अर्ध्या नागावाला ऐकू जाईल अशी. "अहो! पहिला टाकून बसलेय केव्हाची. येताय, की मी एकटी जाऊ?"

"आलो, आलो!" विसू म्हणाला. आणि मग तिला ते ऐकू जाणार नाही हे लक्षात येऊन, धावतच निघाला.