भिंती पाडायचा परवाना

बुधवारी सकाळी मूळकुजीची बुरशी भिंती पाडायचा परवाना घेऊन अक्काताई चौगुलेच्या पानमळ्यावर आली. दाराशी तिनं चपला काढल्या. पानमळ्यात पायताण घालून कुणी शिरत नाही, आणि एवढी रीत पाळणाऱ्या बाईला अडवायचं तरी कसं, म्हणून अक्काताईनं तिला आत घेतलं. वर तांब्याभर पाणीही दिलं. तेवढं तर कुणालाही देतात.

पाणी पिऊन बुरशीनं कागद पुढं केला. ‘अर्जदारानं वेलींच्या पेशींच्या भिंती पाडाव्यात. आधी सांध्यांतला डिंक विरघळवावा, मग धागे तोडावेत. आतला माल अर्जदाराचा.’ खाली ग्रामसेवकाची सही. मळा अडीच गुंठ्यांचाच, पण वेली माहेरच्या. आईचा मळा कधीच गेला. तिच्या हातचं बेणं जगात एवढंच उरलं होतं.

तिनं जागेवरूनच ग्रामसेवकाला फोन लावला.

“भाऊसाहेब, माझ्या मळ्याचा परवाना दिला कुणी?”

“मीच. अर्ज रीतसर होता, ताई. जमिनीला निचरा नसल्याचा दाखलासुद्धा जोडलाय.”

“मग माझी हरकत लिहून घ्या.”

“भिंत तुमची आहे का? हरकत भिंतीनं घ्यायची, आणि तीही पडल्यावर. पडलेले तुकडे ओरडतात, मग शेजारच्या भिंतींना कळतं.”

“म्हणजे पडेपर्यंत मी नुसती बघत बसू?”

“नियम तसाच आहे.”

अक्काताई वळून बघते तर वेलींच्या चार ओळी माना टाकून उभ्या. बुरशी निवांत काम करत होती. ना आवाज, ना धूळ. “मावशी, पाणी गोड आहे हं तुमचं,” ती म्हणाली. डिंक त्याच पाण्यात कालवला जात होता. तांब्या पुढं करणाऱ्या स्वतःच्या हाताचा अक्काताईला राग आला.

दुपारी तुकडे ओरडू लागले. आवाज बारीक होता, पण कोपऱ्यातल्या शेवटच्या वेलीनं ऐकला. तिनं बुंध्याजवळच्या आपल्याच पेशी मारून टाकल्या आणि त्या मढ्यांची हद्द घातली. बुरशीनं हद्द तपासली, कागद पाहिला. “हरकत मान्य,” म्हणून ती उठली.

अक्काताईनं त्या वेलीचं एक बेणं कापून घेतलं. बहिणीच्या मळ्यात लावलं तर आईचं काही दोन ठिकाणी राहणार होतं. ती दाराशी आली. मागोमाग बुरशीही आली.

“तुम्ही कुठं निघालात?”

“तुम्ही जाल तिथं. ह्या मळ्याचा चिखल लागलेले पाय जातील तिथवर परवाना आहे.”

“पाय धुतले तर?”

“मी नखातसुद्धा मावते, मावशी.”

अक्काताईनं खाली पाहिलं. घोट्यापर्यंत चिखल होता. ती तिथंच, दाराच्या आत बसली.

त्याला तीन वर्षं झाली. कोपऱ्यातली वेल हिरवी आहे. बहीण कुंपणावरून भाकरी देते, तिला आत यायची अक्काताईनं मनाई केलीय. बाहेर दोन जोड चपला शेजारी शेजारी पडल्यात. बुरशी रोज पाणी मागते, आणि अक्काताई ऐकू न आल्यासारखं करते.