ठारोबाचा मुलूख आणि आजोबांचा कावळा

“पप्पा, आजोबांच्या पिंडाला कावळा शिवला तो नेमका कुठल्या वचनावर?”

हा प्रश्न घरात विचारून दाखव, अशी पैज दिपाली आणि प्रज्योत यांनी सुलक्षणा राऊळ हिच्याशी शुक्रवारी लावली. जिंकली तर एक शेजवान फ्रँकी, हरली तर अख्खं वर्ष ‘फट्टू’ ही पदवी. विचारायचा दिवस रविवार ठरला, कारण सोमवारी संध्याकाळी पाचला अकरावीच्या प्रवेशाचा फॉर्म बंद होणार होता. फॉर्मवर पप्पांनी ‘विज्ञान’ भरून ठेवलं होतं. सुलूला आर्ट्सला जाऊन भूगोल घ्यायचा होता. आणि दोघांच्या मधोमध, पाच वर्षांपूर्वी वारलेले आजोबा ठाम उभे होते.

माणसाच्या मताला खरी किंमत येते ती तो मेल्यावर. उदाहरणार्थ कै. काशीराम राऊळ. आधी गिरणीत, गिरणी बंद पडल्यावर मरोळच्या एका कारखान्याच्या गेटवर, आणि निवृत्तीनंतर कांदिवलीच्या घरात खिडकीजवळच्या खुर्चीत. या खुर्चीतून त्यांनी अकरा वर्षं सांगितलं, “पंखो जरा बारीक करा रे.” अकरा वर्षं पंखा पाचावर राहिला. ते गेले, त्या दिवसापासून पंखा दोनावर आहे. मे महिन्यातसुद्धा. “बाबांना आवडायचं नाही,” असं पप्पा घाम पुसत सांगतात.

सुलूचं नावही याच पद्धतीने पडलं. तिच्या वर्गात तीन अनन्या आणि दोन रिया होत्या. ही सुलक्षणा, कारण आजोबांच्या आईचं नाव सुलक्षणा होतं आणि त्या बाईंनी मरताना म्हणे कोणाकडे तरी बघितलं होतं. (बघण्याचा अर्थ नंतर सर्वानुमते लावण्यात आला.)

या सत्याचा शास्त्रशुद्ध अभ्यास दहावीच्या सुट्टीत सुरू झाला. साधनं पुढीलप्रमाणे: जुन्या कॅलेंडरची सहा पानं उलटी चिकटवून केलेला नकाशा, सापशिडीचा एक फासा, आणि शेंगदाण्यांच्या सोंगट्या. (सोंगट्या प्रज्योत खायचा. त्यामुळे सैन्य नेहमीच अपुरं.) खेळ सुलूने स्वतः बनवला होता. नाव: मरणमुलूख. तिथे माणसं मरतात, पण पूर्ण मरत नाहीत. काहीतरी राहून गेलेलं असतं म्हणून अर्धमेली फिरत राहतात. या अर्धमेल्यांचे तीन प्रांत.

राहूनगेलेवाडीत ज्यांचं काहीतरी करायचं राहून गेलं ते राहतात. इथला वारासुद्धा “तेवढं एकच हो” असा वाहतो. कुलूपपेठेत, कपाटाची किल्ली कुठे ठेवलीय हे न सांगता गेलेले. आणि सर्वांत दाट वस्तीचा प्रांत म्हणजे आमच्यावेळीनगर. इथले अर्धमेले कोणाला चावत नाहीत, रक्तबिक्त पीत नाहीत. ते फक्त शेजारी येऊन बसतात आणि सांगतात. आजवर या प्रांतातून एकही खेळाडू परत आलेला नाही.

तिन्ही प्रांतांवर राज्य श्री ठारोबाचं. मरणाचा देव. त्याचं देवस्थान अत्यंत जागृत, आणि तीच पंचाईत. इतर देवांना माणूस प्रसन्न हो म्हणतो. ठारोबा प्रसन्न झाला तर स्वतः न्यायला येतो. म्हणून त्याचं गाऱ्हाणं उलटं:

“बा देवा ठारोबा, आमची भक्ती गोड मानून घेऊ नको रे महाराजा!”

“होय महाराजा!”

“आमचो पत्तो तुझ्याकडे असात, तर तो हरवून टाक रे महाराजा!”

“होय महाराजा!”

देवळातल्या घंटेला लोलक नाही, देव दचकून उठू नये म्हणून. दर्शनाच्या रांगेत प्रत्येक जण मागच्याला म्हणतो, “आधी तुम्ही.” मागचा म्हणतो, “छे छे, आधी तुम्ही.” एवढी सभ्य रांग अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत दुसरीकडे कुठे लागत असल्यास कळवावे.

ठारोबाच्या कचेरीत शिपाई एकच, कावळा. आता नियम.

नियम पहिला: अर्धमेल्याला तलवारीने मारता येत नाही. (तो आधीच मेलेला आहे. प्रज्योतने तीनदा वार केल्यावर हा नियम लेखी द्यावा लागला.)

नियम चौथा: अर्धमेल्याची राहिलेली इच्छा पुरी करायचं मोठ्याने वचन द्यावं. पटलं तर कावळा येऊन शिवतो, अर्धमेला सुटतो. वचन मात्र खेळाडूच्या पाठीवर बसतं, आणि दर वचनामागे फाशातला एक ठिपका कमी होतो.

नियम सातवा: कावळा शिवण्याआधी दिलेलं शेवटचं वचनच ग्राह्य. त्याआधीची सगळी रद्द.

नियम नववा: मेलेल्याची इच्छा पुढे करून आपलं काम काढणारा खेळाडू तत्क्षणी अर्धमेला होतो. (हा नियम दिपालीमुळे आला. “या म्हाताऱ्याची शेवटची इच्छा, मला अजून एक डाव मिळावा” असं तिने चक्क चार वेळा केलं.)

शुक्रवारी दुपारी दिपालीच्या घरी डाव रंगात आला होता. प्रज्योतच्या पाठीवर सहा वचनं बसली होती. कोणाच्या तरी नातवाला राजा करणं, कोणाची तरी गाय शोधणं, असली. त्याचे ठिपके संपले. तो हलेचना.

“म्हणजे मी मेलो?”

“अर्धा,” सुलू म्हणाली.

“अगं पण मी तर सगळ्यांचं भलं केलं यार!”

“त्यानेच होतं.”

दिपाली पालथी पडून नकाशाकडे बघत होती. ती एकदम उठून बसली. “ए सुले, हे तुझ्या घरचंच आहे ना? तुझ्या आजोबांच्या दहाव्याला कावळा येत नव्हता, मग पप्पा म्हणाले सुलूला डॉक्टर करीन, आणि आला. तूच सांगितलेलंस. तुझे सहाच्या सहा ठिपके त्यांनी तिथेच घालवले!”

प्रज्योतचं घर मढला. त्यांचा मासळीचा धंदा, त्यामुळे कावळा या विषयात त्याचा शब्द शेवटचा मानला जाई. “कावळ्याचा काय भरवसा गं,” तो म्हणाला. “आमच्याकडे सुकट वाळत घातलेली असली ना, तर तो पिंडाकडे बघत पण नाही. माझ्या पणजोबांच्या टायमाला आधी अख्खी सुकट उचलायला लागली, तेव्हा आला. तुझ्या पप्पांना विचार तरी, नक्की कुठल्या वचनावर आला ते. नियम सातवा!”

“विचारलं असतं, पण…”

“फट्टू,” दोघं एका आवाजात म्हणाले.

शनिवारी सुलूने पूर्वतयारी म्हणून इमारतीची पाहणी केली. एकूण घरं चोवीस. त्यांपैकी सतरा घरांत महत्त्वाचे निर्णय मयत व्यक्ती घेते. (सोफा कुठे ठेवायचा, धाकट्याचं लग्न कुठे करायचं, मसाला कोणाच्या पद्धतीने.) पाच घरांत ती व्यक्ती अजून हयात आहे, पण सराव जोरात चालू आहे. दोन घरांना कुलूप. जिवंत माणसाच्या इच्छेने चालणारं घर पाहणीत आढळलं नाही.

तिच्या स्वतःच्या घरातला तपशील असा. गेल्या चार महिन्यांत तिने आर्ट्ससाठी पुढील कारणं दिली: इतिहास-भूगोलात मिळून ९८ मिळाले, बेडूक कापायची अजिबात इच्छा नाही, नकाशा काढताना भूक लागत नाही. तिन्ही कारणं ऐकून घेण्यात आली. मग पप्पा भिंतीवरच्या फोटोकडे बघत, खरंच हळव्या आवाजात म्हणाले, “बाळा, मी शब्द दिलाय गं.” विषय संपला. फोटोशी वाद घालता येत नाही. फोटोला हार असतो, सुलूला नव्हता.

रविवारी जेवायला बांगडा होता. पंखा दोनावर होता. सुलूने घास गिळला, मनात ठारोबाला उलटा नमस्कार केला आणि प्रश्न विचारला.

पप्पांचा हात ताटातच थांबला. सुबोध राऊळ तसे साधे गृहस्थ. मरोळच्याच कारखान्यात स्टोअर सांभाळतात, कोणाला दुखवत नाहीत.

“आज काय हे?”

“माहिती हवीय. एकूण किती वचनं दिलीत, क्रमाने.”

पप्पा आठवू लागले. पहिलं, गावचं घर पडू देणार नाही. कावळा भिंतीवर बसून दुसरीकडे बघत राहिला. दुसरं, तुमचा रेडिओ भंगारात घालणार नाही. कावळ्याने पंख साफ केले. तिसरं, गणपतीत पाच दिवस गावी जाऊ. (रजा दोनच दिवस मिळते, हे कावळ्याला ठाऊक असावं.) पावणेदोन तास झाले. भटजी घड्याळ बघायला लागले.

“मग मी डोळे मिटले, हात जोडले आणि म्हणालो, बाबा, सुलूला डॉक्टर करतो. डोळे उघडले, तर कावळा शिवलेला.”

“म्हणजे डोळे मिटलेले होते?”

“भक्तिभावाने.”

“किती वेळ?”

“असतील चार-पाच मिनिटं. पण मी म्हणालो आणि तो…”

“तो उडाला,” मम्मी म्हणाली.

मानसी राऊळ एका पॉलिक्लिनिकच्या काउंटरवर बसतात. रोज सत्तर माणसांना ‘डॉक्टर येतच आहेत’ असं सांगायची सवय असल्यामुळे त्या फार थोडं बोलतात आणि ते पुसता येत नाही.

“काय?”

“तुम्ही डॉक्टर म्हणालात आणि कावळा उडाला. थेट पलीकडच्या पिंपळावर. जाणारच. बाबा आयुष्यभर डॉक्टरला शिव्या घालत होते. ‘त्या मेल्यान माझा मीठ बंद केल्यान!’ म्हणून. विसरलात?”

“मग आला कशाने?”

मम्मीने बांगड्याचा काटा शांतपणे बाजूला ठेवला. “ही दहा वर्षांची. सकाळपासून उपाशी. पानात बाबांच्या आवडीचा बटाटेवडा वाढलेला, ही त्याच्याकडे बघून रडकुंडीला आलेली. मला राहवलं नाही. म्हटलं, बाबा, या ना हो आता. पोरीला काय हवं ते घेऊ दे. तेवढ्यात तो झाडावरून उतरला आणि शिवला.”

पंख्याचाही आवाज येईना. (दोनावर तो येत नाहीच.)

“पाच वर्षं तू बोलली नाहीस?” पप्पांनी विचारलं.

“मला विचारलं कोणी?”

सुलू उभी राहिली. “नियम सातवा! शेवटचं वचन ग्राह्य! ‘पोरीला काय हवं ते घेऊ दे.’”

“अगं, ते वड्याबद्दल होतं!” पप्पा म्हणाले.

“वाक्यात वडा हा शब्द कुठेय? ‘काय हवं ते’ म्हटलंय. आजोबांनी ऐकलं, कावळ्याने मंजूर केलं. डॉक्टरचा प्रस्ताव पिंपळावर जाऊन फेटाळण्यात आलाय.”

त्याच वेळी खिडकीच्या ग्रिलवर एक कावळा येऊन बसला. तो दर रविवारी बांगड्यासाठी येतो, पण आज तिघांनीही त्याच्याकडे वेगळ्या आदराने पाहिलं. पप्पांनी उठून, दोन्ही हातांनी, त्याच्यापुढे शेपटीचा तुकडा ठेवला. कावळ्याने एकदा सुलूकडे पाहिलं, तुकडा उचलला आणि गेला. (हा निकाल समजावा की भूक, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत.)

पप्पांचे खांदे खाली आले. पाच वर्षांत इतके सैल ते कधी दिसले नव्हते. “बाबांचीच इच्छा असेल,” ते हसत म्हणाले, “तर मग प्रश्नच मिटला. आर्ट्स तर आर्ट्स!” आणि त्यांनी स्वतःच मोबाइल काढून फॉर्म उघडला.

चार महिने, तीन कारणं, ९८ गुण. काही हललं नव्हतं. एका मेलेल्या माणसाने पाच वर्षांपूर्वी एका वड्यावरून होकार दिला आणि चार मिनिटांत काम झालं. सुलू आत गेली. पलंगावर मरणमुलूख पसरलेला होता. कोपऱ्यात तिने छोटी वाट काढली होती, बसथांब्यापासून घरापर्यंत. तशी वाट आजोबा काढायचे. कोणी पत्ता विचारला की बोलायचे नाहीत, बसच्या तिकिटाच्या मागे नकाशा काढून हातात द्यायचे. त्यांना कोणी विचारलं असतं तर ते कदाचित भूगोलच म्हणाले असते. पण त्यांनाही जिवंतपणी कोणी विचारलं नव्हतं.

नकाशाच्या कडेला नियम नववा लाल पेनाने लिहिलेला होता: मेलेल्याची इच्छा पुढे करून आपलं काम काढणारा तत्क्षणी अर्धमेला.

तिने दिपालीला मेसेज केला: “जिंकले. फ्रँकी तयार ठेव.” मग अजून एक: “पण थांब जरा. मी अर्धी मेलेय. दोन मिनिटांत येते.”

(इथवर वाचून ज्यांना आमची इमारत विनोदी वाटली, त्यांनी आपली शाखा, नोकरी, जोडीदार आणि पंख्याचा आकडा कोणी ठरवला ते आठवून पाहावं, आणि आपलं घर पाहणीत पंचविसावं धरावं.)

सुलू बाहेर आली. येता येता तिने पंखा पाचावर केला. फॉर्मवर पप्पांचा अंगठा ‘जतन करा’च्या बरोबर वर होता.

“पप्पा, थांबा. मम्मी, तू पण ऐक. तो वडाच होता. मला तेव्हा वडाच हवा होता.”

पप्पांचा अंगठा हवेतच राहिला. “म्हणजे? बाबांची इच्छा…”

“माहीत नाही. त्यांनाही विचारायचं राहून गेलं. मी आर्ट्स घेणार, भूगोल घेणार, आणि हे मी ठरवलंय. माझी इच्छा म्हणून. मी अजून जिवंत आहे, तेवढं प्लीज चालवून घ्या.”